प्लेगचे क्रूस आणि आमच्या मुलांची छायाचित्रे

वांद्रे स्थानकाच्या पश्चिम अंगास उतरावे, बाजारातील गर्दीतून वाट काढीत समुद्राच्या दिशेने चालू लागावे, म्हणजे थोड्याच वेळात मुंबई शहर एकाएकी ओसरल्यासारखे वाटते. रस्ते गल्ल्या होतात. उंच इमारतींच्या मध्ये अंग चोरून उभी असलेली कौलारू घरे, त्यांचे बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओसरीवरील वेताच्या खुर्च्या दृष्टीस पडू लागतात. वरोडा, रानवार, पलीकडे चिंबई आणि पाली ही सारी जुनी गावठाणे होत. आणि ह्या गावठाणांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस आहेत. कोठे दगडी, कोठे लाकडी. कोणास चुन्याचा नवा हात दिलेला, कोणाच्या चौथऱ्यावर फरशी बसविलेली, तर कोणी वडाच्या पारंब्यांत अर्धा झाकलेला. काही क्रूस ह्या साथीपेक्षा पुष्कळ जुने आहेत. तथापि पुष्कळांच्या चौथऱ्यांवर जी वर्षे कोरलेली आढळतात ती १८९६ पासून पुढील दहा वर्षांतली आहेत. लोक त्यांना आजही प्लेगचे क्रूस म्हणतात.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही हे क्रूस पाहावयास गेलो. आम्ही म्हणजे खानापूर तालुक्यातील आमच्या धर्मग्रामातील अकरा मुले-मुली, त्यांचे मराठीचे गुरुजी, दोघी माता आणि प्रस्तुत लेखक. लोंढ्याहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी दादरला उतरलो. मे महिन्यातील मुंबईच्या उकाड्याविषयी न बोललेलेच बरे. मुलांनी मात्र त्याची तक्रार केली नाही. त्यांचे सारे लक्ष गल्लीत होते आणि हातांत भ्रमणध्वनी होते. ते त्यांनी सहलीची छायाचित्रे काढण्यासाठी आणले असतील असा जर वाचकांचा समज झाला, तर थोडी मागची हकिगत सांगणे आवश्यक आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आमचा उपवासकाळ चालू होता. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला नि गेला. झावळ्या झाडांवरच राहिल्या. शाळा त्यापूर्वीच बंद झाल्या होत्या. जूनमध्ये वर्ग उघडण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा आमच्या मराठी शाळेच्या गुरुजींनी आठवी-नववीच्या मुलांना एक काम दिले. निबंधाऐवजी दर आठवड्यास एक छायाचित्र काढून पाठवावे आणि त्याखाली तीन ओळी लिहाव्यात. एकच छायाचित्र, दहा नव्हेत. घरात एकच भ्रमणध्वनी, तोही बापाचा किंवा काकाचा, आणि जाळे धरावयाचे तर माळावरच्या आंब्याखाली जावयाचे, अशी स्थिती असल्यामुळे ही मर्यादा आपोआपच पाळली गेली. दुसरा नियम गुरुजींनी घातला होता तो असा की, माणसाचा चेहरा काढावयाचा तर आधी त्यास विचारावे.

ह्या कामात मुलांनी जे पाहिले ते आम्हा वडील माणसांच्या नजरेतून निसटले होते. एका मुलाने शाळेच्या खिडकीच्या गजांतून आत पाहून फळ्याचे छायाचित्र घेतले. फळ्यावर मार्चमधील तारीख सुवाच्य अक्षरांत तशीच होती आणि बाकांवर शेळ्यांच्या लेंड्या होत्या. दुसऱ्याचे वडील गोव्यात बेकरीत कामास होते. घाटातील नाके बंद झाल्यावर ते कुळ्याहून कॅसल रॉकपर्यंत लोहमार्गाने चालत आले आणि पुढे लोंढ्यामार्गे गावी पोहोचले. गावात येताच त्यांस चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवण्यात आले. मुलाने बापाचे छायाचित्र घेतले नाही. त्याने उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या वहाणा घेतल्या. एका वहाणेचा अंगठा तारेने बांधलेला होता. खाली तीन ओळींच्या जागी एकच ओळ होती : "बाबा आले आहेत, पण घरात नाहीत." एका मुलीने आपल्या आजीला टिपले. आजी ईस्टरचे ठेवणीतले लुगडे नेसून, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या भ्रमणध्वनीपुढे गुडघे टेकून बसली आहे. पडद्यावरील मिस्सा अडखळत थांबली आहे, पण आजीचे हात जोडलेलेच आहेत.

आणखी एक छायाचित्र केवळ काळे होते. वीज गेलेल्या रात्री ते काढले होते. गुरुजींनी ते बिघडले म्हणून परत केले. मुलीने तेच पुन्हा पाठविले आणि खाली लिहिले, "असेच होते." गुरुजी हरले.

अशा प्रकारचे उपक्रम त्या काळात जगात इतरत्रही झाले. लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयाने २०२० च्या उन्हाळ्यात साऱ्या ब्रिटनमधील लोकांकडून टाळेबंदीतील छायाचित्रे मागविली, तेव्हा सहा आठवड्यांत ३१,५९८ आली. त्यांतील शंभर निवडून गावोगावी लावण्यात आली. त्याच्याही कितीतरी आधी, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, चीनच्या युनान प्रांतातील खेड्यांतल्या स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांचे जीवन त्यांनाच दाखवू द्यावे असा प्रयोग कॅरोलिन वाँग आणि मेरी अ‍ॅन बरिस ह्या दोघींनी केला होता. आमच्या गुरुजींना ह्यांपैकी कशाचीच वार्ता नव्हती. निबंध तपासून ते कंटाळले होते, असे ते स्वतःच हसून सांगतात.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. २०२१ च्या मे महिन्यात दुसऱ्या लाटेने आमचे गाव गाठले. नववीत असलेल्या एका मुलीचे आजोबा बेळगावच्या रुग्णालयात वारले. रुग्णवाहिका त्यांना घेऊन थेट दफनभूमीवर आली. आत चौघे पांढऱ्या पोशाखातले, आणि थोड्या अंतरावर तशाच पोशाखात आम्ही. इतर कोणास प्रवेश नव्हता. थोरल्या मुलासही नव्हता. नात कुंपणाबाहेरील काजूच्या झाडावर चढली. तिने घेतलेले छायाचित्र आमच्याजवळ आहे. तांबडी माती, लांब पेटी, पाच पांढऱ्या आकृती आणि दूर फाटकाशी गुडघे टेकलेला एक माणूस. तो तिचा बाप. पाच आकृतींपैकी आम्ही कोणते, हे आम्हासही निश्चित सांगता येत नाही.

दोन वर्षांनी ही सारी छायाचित्रे धर्मग्रामाच्या सभागृहात लावावी असा विचार निघाला, तेव्हा तंटा उभा राहिला तो ह्याच एका छायाचित्रावरून. मुलीचे काका आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, आमच्या बाबांचं मरण भिंतीवर टांगू नका. आठवण ठेवायची तर त्यांचा कोटातला चांगला फोटो आहे, तो लावा." मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "काका, मला कबरीजवळ येऊ दिलं नाही. मी तिथं होते, हे त्या फोटोशिवाय कुणाला कळणार?" तिचे वडील दोघांच्या मध्ये बसून होते. ते काहीच बोलले नाहीत.

आम्हास दोघांचेही म्हणणे पटत होते, आणि दोघांचे पटून निर्णय होत नाही. मग गुरुजींनी सुचविले की, साथ येऊन गेल्यावर मागील लोकांनी काय जपले आणि कसे जपले, ते मुलांनी एकदा पाहून तर यावे. वांद्र्याची वाट धरली ती त्यामुळे.

प्लेगची हकिगत थोडक्यात अशी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींच्या आसपास, माणसे तापाने नि गाठीने मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे असे प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो व्हिएगश ह्यांनी. हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे, म्हणजे आपल्यातलेच. पुढे १९०६ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा धोबी तलावास मेट्रो चित्रगृहासमोर आहे. त्याच्या पायथ्याशी आमच्या मुलांनी उसाचा रस पिऊन विसावा घेतला. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सुमारे आठ लाख वीस हजार होती. साथीच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांतील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले असे सांगतात. वल्देमार हाफकिन ह्यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरात शिरून झडती घेणे, रोग्यास उचलून नेणे, प्रवाशांस अडविणे, हे सारे अधिकार त्यामुळे मिळाले. २०२० च्या मार्चमध्ये आपल्याकडे जो कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला तो हाच, १८९७ चा. हे ऐकून मुलांच्या तोंडचा घास थांबला. पुण्यात झडत्यांचा जाच फार झाला, आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, ते तर शाळेच्या पुस्तकातून त्यांस ठाऊक होते. सावित्रीबाई फुले ह्यांनी त्याच वर्षी १० मार्च रोजी रोग्यांची शुश्रूषा करताना प्लेगनेच देह ठेवला. आमच्या भागातील वृद्ध माणसांच्या बोलण्यात गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याची जी आठवण अजून येते, तीही ह्याच साथीची. पुढे १९१८ साली मानमोडी आली. तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, पण तिची छायाचित्रे शोधावयास जावे तर हाती फार थोडे लागते.

मुंबईच्या प्लेगची मात्र छायाचित्रे आहेत. ब्रिगेडियर जनरल गॅटेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १८९७ मध्ये जी प्लेग समिती नेमली गेली, तिच्या कामाची चित्रे ग्लॉस्टरशायर पलटणीतील कॅप्टन मॉस ह्यांनी काढली. लंडनच्या वेलकम संग्रहात ती आज कोणासही पाहता येतात. गुरुजींनी त्यांतील काहींच्या प्रती काढून आणल्या होत्या. वांद्र्यात ज्या ख्रिस्तमंदिराच्या आवारात आमची उतरण्याची सोय झाली होती, तेथे एका आंब्याच्या सावलीत त्या प्रती मुलांपुढे मांडल्या.

मुले बराच वेळ गप्प राहिली. घरांची तपासणी करणारी पथके, पंपाने धुऊन काढल्या जाणाऱ्या चाळी, इस्पितळातील खाटांच्या रांगा, विलगीकरणाच्या छावण्या. त्या वेळी रोगाचे मूळ घाणीत आणि दूषित हवेत आहे असा समज होता, म्हणून पाणी, चुना आणि ऊन ह्यांवर सारा भर. उंदराच्या पिसवांचे मर्म फ्रेंच वैद्य सिमाँ ह्यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये. म्हणजे ह्या चित्रांतील माणसे मोठ्या शिस्तीने, अखंड परिश्रमाने, भलत्याच शत्रूशी लढताना दिसतात. चित्रे उत्तम आहेत, ह्यात शंका नाही. परंतु त्यांत नावे आहेत ती समितीच्या अंमलदारांची. खाटेवरचा माणूस हा केवळ प्लेगचा रोगी आहे.

काजूच्या झाडावरची ती मुलगी एक प्रत हातात धरून म्हणाली, "फादर, ह्या बाईला कुणी विचारलं असेल का, फोटो काढू का म्हणून?" वहाणांचे छायाचित्र काढणारा मुलगा तिच्या शेजारीच होता. तो म्हणाला, "पण नसता काढला तर ती होती, हे तरी आपल्याला कळलं असतं का?" ह्यावर उत्तर देणे आम्ही टाळले. गुरुजींनीही टाळले.

वास्तविक पाहता मुंबईत छायाचित्रण केवळ साहेबाच्या हाती होते असे नव्हे. १८५४ मध्येच येथे छायाचित्रणाची संस्था निघाली होती व डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते; एल्फिन्स्टन विद्यालयात १८५५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ह्या कलेचा वर्गही भरला होता. तथापि चाळीस वर्षांनी प्लेगच्या वेळी मांडवीच्या चाळीतल्या कोणा मुलाच्या हाती कॅमेरा नव्हता. असता तर त्याने काय टिपले असते, ह्याची कल्पना आपणच करावयाची. आईचा रिकामा पाट, कदाचित.

क्रूसांची गोष्ट वेगळी. ते कोणा अंमलदाराने उभारले नाहीत. साथीमुळे लोकांनी एकत्र जमणे कठीण झाले, तेव्हा गल्लीतल्या गल्लीत प्रार्थना करता यावी म्हणून, किंवा आपले घर वाचले तर क्रूस उभारीन अशा नवसाने, कुटुंबांनी आणि वाड्यांनी ते उभारले असे सांगतात. चौथऱ्यावर वर्ष, आणि पुष्कळ ठिकाणी उभारणाऱ्याचे नाव. मुलांनी अक्षरांवरील धूळ बोटांनी पुसून ती वाचली. काही रंगाच्या थरांखाली बुजली आहेत. तेथे वहीचा कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली की अक्षर उमटते, हे मुलांपैकी एकाने शोधून काढले, आणि मग सारी सकाळ त्यातच गेली.

साथ आणि क्रूस ह्यांचे नाते केवळ वांद्र्यापुरते नाही, हे त्यांच्या ध्यानी आणून देण्यासाठी आम्ही त्यांना रोमची आठवण दिली. २७ मार्च २०२० च्या सायंकाळी, पावसात, संत पेत्राच्या निर्मनुष्य चौकात पोप फ्रान्सिस एकटे चालत गेले, ते दृश्य त्यांतील बहुतेकांनी त्या वेळी पाहिले होते. त्या चौकात आणून ठेवलेला संत मार्चेल्लो मंदिराचा क्रूस हा १५२२ च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरवणुकीने फिरविलेला होता. भिजणाऱ्या त्या लाकडाचे छायाचित्र जगभर गेले. एका मुलास ते अजून आपल्या भ्रमणध्वनीत सापडले.

संध्याकाळी एका गल्लीत क्रूसापाशी लादीन होते. मे महिन्यात तशी तेथे चाल आहे. मेणबत्त्या लावल्या, हार घातला, शेजारच्या घरांतून खुर्च्या आल्या. आम्हा परक्या गाववाल्यांस आग्रहाने पुढे बसविले. प्रार्थना आटोपल्यावर कागदाच्या पुड्यांतून उकडलेले चणे वाटण्यात आले. एक ऐंशीच्या घरातील बाई मुलांजवळ येऊन बसल्या. हा क्रूस त्यांच्या आजेसासऱ्यांनी उभारला होता. प्लेगमध्ये त्यांची दोन मुले गेली, तिसरा वाचला. तो बाईंचा सासरा. आजेसासऱ्यांचे छायाचित्र घरात आहे काय, असे मुलांनी विचारले. नाही. मुलांचेही नाही. नावे? आजेसासऱ्यांचे दगडावर आहे. गेलेल्या दोघांची बाईंना ठाऊक होती, त्यांनी ती सांगितली, आणि मुलांनी वहीत लिहून घेतली.

मग त्याच म्हणाल्या, "माझा काढ हो फोटो, क्रूसासकट." आमच्या मुलीने भ्रमणध्वनी वर केला. "थांब ग बाळा," बाई म्हणाल्या, "लुगडं नीट करू दे." त्यांनी पदर सारखा केला, गळ्यातील सोन्याची माळ बाहेर काढली, चष्मा उतरवून हातात घेतला, आणि मान ताठ करून उभ्या राहिल्या. ह्या साऱ्यास पाच मिनिटे लागली असतील. मुलगी तोवर थांबून राहिली.

दुसऱ्या दिवशी मांडवी आणि परळ झाले. मांडवीत पाहण्यासारखे असे काही उरलेले नाही; मसाल्यांचा वास, हातगाड्या आणि घाई. परळला हाफकिन संस्था बाहेरूनच पाहिली. मुले थकली होती. परतीच्या गाडीत ती झोपली, पण मुलगी आणि गुरुजी मिरजेपर्यंत काही तरी बोलत होते. आम्ही ते ऐकले नाही.

गावी आल्यावर चारच दिवसांनी काका, बाप आणि मुलगी असे तिघे एकत्र आमच्याकडे आले. काकांनी कोटातले छायाचित्र काच पुसून आणले होते. ठरले ते असे. भिंतीवर हेच लावावे. त्याखाली आजोबांचे नाव, जन्माचे व मृत्यूचे वर्ष लिहावे, आणि त्याखाली दफनाच्या वेळी उपस्थित असलेल्यांची नावे : चौघे स्वयंसेवक, धर्मगुरू, फाटकाशी थोरला मुलगा, आणि काजूच्या झाडावर नात. झाडाचा उल्लेख असावा असा आग्रह काकांनी धरला. दफनाचे छायाचित्र पाकिटात घालून त्या घराच्या स्वाधीन केले आहे. एक प्रत मुलीच्या बापाने मागून घेतली. ती त्यांनी कोठे ठेवली ते आम्ही विचारलेले नाही.

२०२३ च्या १५ ऑगस्टपासून, स्वर्गोन्नयनाच्या सणापासून, ही छायाचित्रे सभागृहात लावलेली आहेत. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दार उघडे असते. वहाणा, फळा, आजी, सारे आहे. वांद्र्याच्या त्या बाईंचे छायाचित्रही आहे, दोन्ही मुलांच्या नावांसह. अजून सुमारे तीस छायाचित्रे अशी आहेत की त्यांतील माणसांची नावे आम्हास मिळालेली नाहीत. बाजारात रांगेत उभे असलेले, बसथांब्यावर अडकलेले, माळावर जाळे शोधणारे. दाराजवळ टेबलावर एक वही आणि पेन्सिल ठेवली आहे. आपल्या ओळखीचे कोणी दिसल्यास छायाचित्राचा क्रमांक व नाव कृपया वहीत लिहावे. स्वतःचे छायाचित्र तेथे नको असेल, तर तेही लिहावे. ते त्याच दिवशी उतरविले जाईल. काळ्या छायाचित्रापाशी मात्र कोणी काही लिहू नये, असे ते काढणाऱ्या मुलीने बजावून ठेवले आहे.